'किर्ती', 'स्मृतीप्रित्यर्थ' आणि वेरूळचं कीर्तन

प्रश्न: वडिलांच्या नावाने गावात पाणपोई बांधतो आहोत. फलकावर 'स्मृतीप्रित्यर्थ' लिहावं की 'स्मरणार्थ'? खाली 'मरावे परी किर्तीरूपे उरावे' ही ओळ टाकली तर चालेल का?

'स्मरणार्थ' लिहा आणि मोकळे व्हा. 'स्मृतीप्रित्यर्थ' या एका शब्दात तीन चुका आहेत. समासात पूर्वपद म्हणून आलेलं 'स्मृति' ह्रस्वच राहतं. 'प्रीति' आणि 'अर्थ' यांचा संधी 'प्रीत्यर्थ' होतो. त्यातला 'प्री' पहिल्यापासून दीर्घ आहे, संधीने तो आखूड होत नाही. तिसरी चूक अर्थाची, आणि ती शुद्ध लिहिलं तरी उरते. 'प्रीत्यर्थ' म्हणजे अमुक प्रसन्न व्हावा म्हणून. पूजेच्या संकल्पात 'श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं' म्हणतात ते याच अर्थाने. परमेश्वर प्रसन्न होईल, वडीलही होतील. स्मृती कशी प्रसन्न करणार? 'रूढ झालंय हो' हे उत्तर मला ठाऊक आहे. 'किर्ती'ही रूढ झालंय.

तर त्या 'किर्ती'कडे येऊ. ही चूक अडाणीपणातून येत नाही, अर्धवट पाठ केलेल्या नियमातून येते. शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार-उकार ह्रस्व, हा नियम खराच आहे; पण तो 'किडा', 'विळी', 'पिसू' अशा मराठी शब्दांसाठी. तत्सम शब्दांना तो लागू नाही. म्हणून कीर्ती, प्रीती, नीती, भीती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी तत्सम शब्दाचा शेवटचा इकार तेवढा दीर्घ केला, आधीच्या अक्षराला हात लावलेला नाही. समासात तो शेवटचाही मूळपदावर जातो: कीर्तिरूपे, कीर्तिमान, कीर्तिवंत.

आता 'की' दीर्घच का, यातच खरी गंमत आहे. व्याख्यानांतून सर्रास ऐकू येतं की 'कृतीतून येते ती कीर्ती'. टाळ्या मिळतात, व्युत्पत्ती मात्र साफ चूक. कृती 'कृ' धातूची. कीर्ती 'कॄत्' धातूची, आणि धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचा अर्थ देतो 'संशब्दने', म्हणजे नाव घेणं, उच्चारून सांगणं. पाणिनीच्या 'उपधायाश्च' (७.१.१०१) या सूत्राने त्यातल्या ॠचा 'इर्' होतो, मग तो इकार दीर्घ होतो आणि 'कीर्त्' हाती येतो. नेहमीच्या नियमाने या धातूचं नाम 'कीर्तना' व्हायचं. 'कीर्ति' हे रूप पाणिनीने ऊति, यूति, जूति यांच्या रांगेत (३.३.९७) वेगळं नोंदवून पदरात घेतलं आहे. थोडक्यात, तुम्ही काय केलंत ही तुमची कृती. तुमच्यामागे लोक तोंडाने काय बोलतात ती कीर्ती. 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' असं रामदास म्हणतात तेव्हा हाच अर्थ आहे.

पण दख्खनच्या राजांनी हा शब्द दगडात उतरवला. शके ७३४ (इ. स. ८१२) मधला राष्ट्रकूट कर्कराजाचा बडोद्याचा ताम्रपट पाहा. त्यात कृष्णराजाने एलापुरात उभारलेल्या शिवमंदिराचं वर्णन आहे. बहुतेक अभ्यासक ते म्हणजे वेरूळचं कैलास लेणं मानतात. काम पाहून खुद्द शिल्पी थक्क होतो: 'एतन्मया कथमहो कृतम्', अरे, हे मी केलं तरी कसं! आणि राजाने जे करवून घेतलं त्याला ताम्रपट म्हणतो 'कीर्तन'. इथे कीर्तन म्हणजे देऊळ, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. ज्यांना इथेही टाळ-मृदंग ऐकू येतात त्यांनी क्रियापद बघावं: 'अकार्यत', करवलं गेलं. आणि घडवणारा कोण, तर शिल्पी. शिल्पी नामसंकीर्तन घडवत नसतो. कोरीव लेखांत 'कीर्ती' हा शब्दही देवळासाठी, लोकोपयोगी बांधकामासाठी असाच येतो.

माझा आवडता तर्क इथेच. ऋग्वेदात 'कारु' म्हणजे स्तोत्र रचणारा ('कारुरहं ततो भिषक्', मी कवी, बाप वैद्य), आणि दुसरा 'कारु' म्हणजे कारागीर, आपल्या गावगाड्यातल्या कारू-नारूंमधला. कोशकार हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवतात, आणि धातू पाहिले तर ते योग्यच आहे. पण बोलणाऱ्यांच्या कानात ते वेगळे राहिले असतील यावर माझा विश्वास नाही. नाव गाणारा आणि दगड घडवणारा दोघेही कारू, मग गाणं आणि देऊळ दोन्ही कीर्तन व्हायला कितीसा वेळ लागणार? पटत नसेल तर देवळाला 'कीर्तन' का म्हटलं याचं याहून बरं कारण द्या. 'लक्षणेने', म्हणजे मूळ अर्थ ताणून, एवढंच म्हणून सुटू नका.

या हिशेबाने तुमची पाणपोई हीच कीर्ती ठरते, ओळ टाका अगर टाकू नका. टाकलीत तर 'कीर्तिरूपे' अशी. नावाआधी 'कै.' चालेल, वडील माळकरी असतील तर 'वै.' लिहा, वारकरी कैलासाला नाही, वैकुंठाला जातो. मजकूर मोबाइलवरून पाठवून निर्धास्त होऊ नका. युनिकोडमधला मजकूर डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये नेताना पहिली वेलांटी आणि रफार हेच जागा सोडतात, आणि 'कीर्ति'त नेमकं दोन्ही आहे. कोरण्याआधी कागदावर प्रूफ मागवा आणि रफार 'ति'च्या डोक्यावर आहे ना, ते बघा. ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही.