'निर्वासितांची वकिली' की 'निर्वासितांचा कैवार'?

वसईच्या एका ताईंनी विचारलंय. धर्मग्रामाच्या (म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या) अंकासाठी त्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस या कॅथलिक संस्थेवरचा लेख मराठीत आणताहेत. संस्थेचं ब्रीद तीन क्रियापदांचं आहे. पहिल्या दोघांना 'सोबत करणे' आणि 'सेवा करणे' हे शब्द सहज सापडले, तिसऱ्या 'अ‍ॅडव्होकेट'पाशी गाडी अडली. "'वकिली' म्हटलं की कोर्ट दिसतं, 'समर्थन' पुचाट वाटतं. मग लिहू काय? आणि रेफ्युजीला निर्वासित म्हणू की शरणार्थी?"

ताई, तिसऱ्या क्रियापदाला माझं मत 'कैवार घेणे' या शब्दाला. का, ते सांगतो, पण आधी बाकीच्यांची वासलात लावू.

'समर्थन' पहिल्या फेरीतच बाद करा. समर्थन मताचं असतं, निर्णयाचं असतं, फार तर उमेदवाराचं. 'निर्वासितांचं समर्थन' म्हटलं की निर्वासितांनी काही भूमिका घेतलीय आणि चर्चला ती पटलीय, असा अर्थ निघतो. बिचाऱ्यांनी भूमिका कुठली घ्यायची, घर सोडून पळालेत ते. 'पुरस्कार' जुन्या लेखनात चालायचा, आता तो शब्द ऐकला की शाल-श्रीफळच डोळ्यांपुढे येतं. 'वकालत' आणि 'पैरवी' हिंदी वाहिन्यांवरून आलेत, त्यांना परत पाठवलेलं बरं.

'वकिली' मात्र इतकी सहज झटकू नका. पेशवाईत वकील हा कोर्टातला माणूस नव्हताच. धन्याच्या वतीने परक्या दरबारात बसणारा, त्याची बाजू मांडणारा तो वकील. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेलं 'वकील-इ-मुतलक' हे पदही त्याच अर्थाचं. इंग्रजी अमलात वकिलाच्या अंगावर काळा कोट चढला आणि जुना अर्थ मागे पडला. तुमच्या विषयात तर खरीखुरी कोर्टातली वकिलीही भरपूर आहे. अमेरिकेत फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात तशी सोय नाही. वकील हवा तर स्वतःच्या खर्चाने आणा, नाहीतर न्यायाधीशापुढे एकटे उभे राहा. ही उणीव भरून काढायला तिथल्या बिशपांनी १९८८ मध्ये कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क उभं केलं. वकिलीची पदवी नसलेल्या माणसालाही प्रशिक्षण आणि सरकारी मान्यता घेऊन अशा प्रकरणांत लोकांची बाजू मांडता येते. या कामाला बेलाशक 'वकिली' म्हणा. पण ब्रीदातली तिसरी गोष्ट याहून मोठी आहे.

'रदबदली' जवळचा शब्द आहे. मोठ्या माणसाकडे जाऊन दुसऱ्यासाठी शब्द टाकणं. पण त्याला वशिल्याचा वास लागलाय. पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी आमदाराकडे करतात ती रदबदली. ती बंद दाराआड होते आणि झाल्यावर कुणी बोलत नाही.

एक प्रसंग घेऊन तिन्ही क्रियापदं लावून बघू. २७ जून २०१९. अमेरिकेच्या सीमेवरच्या एल पासो शहराचे बिशप मार्क साइट्झ मेक्सिकोच्या बाजूने, हुआरेझ शहरातून, सीमेवरच्या पुलावर चालत निघाले. बरोबर होंडुरासचं एक कुटुंब, लेकरांसकट. आश्रयाचा अर्ज केलेल्यांना निकाल लागेपर्यंत मेक्सिकोतच थांबवायचं, असं तेव्हा अमेरिकेचं धोरण होतं. बिशप त्यांच्याबरोबर पूल ओलांडून अमेरिकन अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले आणि अखेर कुटुंबाला आत घेतलं गेलं. पूल चालून येणं ही सोबत. अधिकाऱ्यांशी बोलणं, घ्या याला रदबदली म्हणा. पण भरदिवसा, धर्माधिकाऱ्याच्या वेशात, 'ही माणसं माझी आहेत' असं जगाला दिसेल असं उभं राहणं? तो कैवार. कैवार उघड असतो, आणि घेणारा त्यात स्वतःची पत पणाला लावतो.

आता तुमच्या वाचकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. हा शब्द त्यांना नवा नाहीच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना निरोप देताना पवित्र आत्म्याला काय म्हणतो? प्रचलित मराठी बायबलात शब्द आहे 'कैवारी'. मूळ ग्रीक 'पाराक्लीतोस', म्हणजे आपल्या बाजूला हाक मारून बोलावलेला. लॅटिन 'आद्वोकातुस'चा अर्थही तोच, आणि इंग्रजी शब्द त्यातूनच उतरलाय. ज्याने कुणी तिथे 'वकील' न लिहिता 'कैवारी' लिहिलं, त्याने तुमचं काम कधीच करून ठेवलंय.

'साल्वे रेजिना' ही मरियामातेची लॅटिन प्रार्थना तुम्हाला पाठ असेल. तिच्यात प्रार्थना करणारे स्वतःला 'एक्सुलेस फिलिई हेवे' म्हणवतात, हव्वेची हद्दपार लेकरं. दोन ओळींनी त्याच मातेला 'आद्वोकाता नोस्त्रा' अशी हाक येते, आमची कैवार घेणारी. हद्दपार आणि कैवारी एकाच प्रार्थनेत, शेजारी शेजारी. पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयी जो दस्तऐवज काढला, त्याची सुरुवातच 'एक्सुल फामिलिया' अशी आहे. हे हद्दपार कुटुंब म्हणजे हेरोदाच्या भीतीने रातोरात मिसरला पळालेलं नाझरेथचं कुटुंब. प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा मूळ नमुना तेच, असं तिथे म्हटलंय.

एक आक्षेप येणार. 'कैवार' एकतर्फी आहे, 'आलाय मोठा गरिबांचा कैवारी' असा टोमणाही त्यातूनच मारतात. खरं आहे. पण चर्चने इथे तटस्थपणाचा आव आणलेला नाही. पोप फ्रान्सिस २०१३ च्या मार्चमध्ये निवडून आले आणि रोमबाहेरच्या पहिल्याच दौऱ्यात, ८ जुलैला, इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर गेले, युरोपकडे येताना समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पायला. २०१६ च्या एप्रिलमध्ये ग्रीसच्या लेस्बॉस बेटाहून परतताना त्यांच्या विमानात बारा सीरियन निर्वासित होते, सगळे मुसलमान. २०२५ च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरच्या बैठकीत अमेरिकन बिशपांनी सरसकट सामूहिक हद्दपारीला विरोध असल्याचं प्रचंड बहुमताने जाहीर केलं. याला पक्ष घेणं नाही तर काय म्हणायचं?

मात्र कैवार माणसाचा असतो, त्याच्या प्रत्येक मागणीचा नव्हे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून २००३ मध्ये काढलेल्या पत्रात पाच तत्त्वं आहेत. सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा राष्ट्राचा हक्क त्यांतच मान्य केलाय, आणि माणसाला मुळात घर सोडायलाच लागू नये, हेही त्याच यादीत आहे. 'सीमा उघड्या टाका' असं कुणी त्यांच्या तोंडी घातलं तर 'समर्थन' आणि 'कैवार' यांतला फरक त्याला समजावून सांगा.

आता 'निर्वासित की शरणार्थी'. निर्वासित म्हणजे ज्याला घरातून उखडलं तो, शरणार्थी म्हणजे जो आसरा मागतो तो. एकात मागचं दार, दुसऱ्यात पुढचं. मराठीत 'निर्वासित' मुरलाय तो फाळणीपासून. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी आले, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळीवड्याला तर त्याआधीच, १९४३ पासून, सुमारे पाच हजार पोलिश लोक छावणीत राहिले होते, बहुतेक बायका-मुलं आणि बहुतेक कॅथलिक. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले, आज ते गांधीनगर. तेव्हा 'रेफ्युजी'ला निर्वासितच लिहा. 'शरणार्थी' राखून ठेवा तो आश्रयाचा अर्ज केलाय पण निकाल लागायचाय अशा माणसासाठी. हुआरेझच्या पुलावरचं कुटुंब शरणार्थी होतं. पोटासाठी निघालेला तो 'स्थलांतरित'. हा शब्द आपण फ्लेमिंगोलाही लावतो आणि ऊसतोड कामगारालाही, पण दुसरा चांगला नाही. 'बेकायदा' आणि 'घुसखोर' मात्र तुमच्या लेखात नकोत. बिशपांची भाषा 'कागदपत्रं नसलेले' अशी आहे, तीच ठेवा.

व्याकरणाचं एक. कैवार 'चा' घेतात, 'साठी' करत नाहीत. 'निर्वासितांसाठी कैवार केला' हे इंग्रजीच्या पाठीवर बसून आलेलं मराठी. 'निर्वासितांचा कैवार घेतला' म्हणा. ब्रीद लिहायचं तर 'सोबत, सेवा, कैवार', तीनच शब्द, छापायलाही सुटसुटीत. लेखात पुढे 'अ‍ॅडव्होकसी ऑफिसर' भेटला तर त्याला 'कैवार अधिकारी' करू नका, लोक हसतील. 'संस्थेतर्फे सरकारदरबारी निर्वासितांची बाजू मांडणारे अमुक' असं लांबलचक लिहा. आणि जागा कमी पडली तर सरळ 'अ‍ॅडव्होकसी ऑफिसर'.