कागदी मण्यांची रोझरी

प्रश्न: ऑक्टोबरात धर्मशिक्षणाच्या मुलांकडून जुन्या कॅलेंडरच्या कागदाची रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) करून घ्यायचीय, पण मणी उलगडतात हो, काय करू?
– एक ताई, वसई

उत्तर: ताई, पट्टी सरळ कापताय का? लांब त्रिकोण कापा, रुंद बाजू 2 सेमी नि लांबी 20-25 सेमी, रुंद बाजूकडून झाडूच्या काडीवर घट्ट गुंडाळायचं आणि शेवटचा अर्धा भाग फेविकॉल लावून चिकटवायचा, नुसतं टोक चिकटवलं तर सुटणारच. रात्रभर वाळू द्या, मग फेविकॉलमध्येच थोडं पाणी घालून वरून हात मारा. आणि अख्ख्या रोझरीला 59 मणी लागतात, लहान पोरं कंटाळतात (मोठीसुद्धा!), त्यापेक्षा 10 मण्यांचं ब्रेसलेट करा, इलॅस्टिकमध्ये ओवून, क्रूस पुठ्ठ्याचा.