स्तनाची सर्जिकल बायोप्सी: आधी काय तयारी करावी, नंतर काय सांभाळावं?

ताई, सुईच्या तपासणीत ‘अटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया’ (दूधनलिकेतल्या पेशी वाढून वेगळ्या दिसू लागणं) आलंय, डॉक्टर तार घालून तेवढा भाग काढायचा म्हणताहेत, तर आधी काय करायचं आणि नंतर किती दिवस सांभाळायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं अगदी हेच झालं होतं. हाताला गाठ लागत नव्हती, मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण दिसले, सुईने तुकडे घेतले आणि रिपोर्टवर हेच तीन शब्द आले. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हे ऑपरेशन म्हणजे अजूनही तपासणीच आहे. सुईला त्या जागेचे थोडेसेच तुकडे मिळतात. शेजारी आणखी काही असेल तर ते सुटू शकतं, म्हणून तो सगळा भाग काढून बघतात. बहुतेक जणींच्या काढलेल्या भागात कर्करोग सापडत नाही, काही जणींच्या सापडतो, आणि तो सापडावा म्हणूनच हे करायचं. ‘चाकू लागला की पसरतं’ असं सांगणारं कुणीतरी घरात निघतंच. त्यांचं ऐकून तारीख पुढे ढकलू नका. बायोप्सीमुळे कर्करोग पसरत नाही. उशीर केल्याने मात्र नुकसान होऊ शकतं.

तयारीत सगळ्यात महत्त्वाची गोळ्यांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन) चालू असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. ती कधी थांबवायची ते त्यांनीच ठरवायचं, आपण मनाने बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असेल तर अजिबातच नाही. शुगरची गोळी, इन्सुलिन, बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही हेही विचारून लिहून ठेवा. काढे, आयुर्वेदिक गोळ्या, व्हिटॅमिन ई हे ‘औषध थोडंच आहे’ म्हणून सांगायचं राहतं, तेही सांगा. अंगावर पाजत असाल किंवा पाळी चुकली असेल तर तेही आवर्जून. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे भूलतज्ज्ञ सांगतील तसं. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसचे कागद आधीच द्या.

पूर्ण भूल असेल तर साधारण ६ तास आधी खाणं बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. दुधाचा चहा खाण्यातच धरतात, तेव्हा पहाटे ‘घोटभर चहा’ नको.

त्या दिवशी नीट अंघोळ करून जा, पण पावडर, डिओडरंट, क्रीम काहीही लावू नका. त्यांचे कण मॅमोग्राफीत नेमके चुन्याच्या कणांसारखे दिसू शकतात. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी, जोडवी घरीच काढून ठेवा. रक्त थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, धातूमुळे भाजण्याची भीती असते. सासूबाई मंगळसूत्र काढू द्यायला तयार नसतील तर हेच कारण सांगा. नेलपॉलिश काढा. पुढून बटणं असलेला कुर्ता किंवा गाऊन घाला, कारण नंतर हात डोक्यावर नेऊन कपडे काढणं जड जातं. सोबत जुनी मॅमोग्राफीची फिल्म, सोनोग्राफी आणि सुईचा रिपोर्ट हवाच.

आता तार. चुन्याचे कण हाताला लागत नाहीत, म्हणून ऑपरेशनच्या आधी मॅमोग्राफीच्या मशीनवर (काही ठिकाणी सोनोग्राफीखाली) जागेवर बधिर करून बारीक तार आत नेऊन ठेवतात. तिचं आतलं टोक गळासारखं वाकडं असतं, त्यामुळे ती जागेवर राहते. बाहेरचं टोक चिकटपट्टीने अंगाला लावून ठेवतात. मला सुईपेक्षा मशीनच्या दाबाचाच त्रास जास्त झाला. पोटात काही नसतं, बसून राहावं लागतं, चक्कर येते. येतेय असं वाटताच सांगा, लाजू नका. तार घातल्यावर ऑपरेशन होईपर्यंत तो हात वर न्यायचा नाही आणि ओढणी किंवा पदर त्यात अडकू द्यायचा नाही.

मला सगळ्यात जास्त काळजीने सांगायचंय ते पुढचं. जखम भरतेच. लक्ष ठेवायचं ते काढलेल्या तुकड्यावर, कारण ज्यासाठी हे सगळं केलं ते उत्तर त्याच्यात आहे. काढलेल्या भागाचा लगेच एक्स-रे काढून चुन्याचे कण आणि तार त्यात आलेत का हे बघतात. ती सोय तुमच्या हॉस्पिटलात आहे का, हे तारीख घेतानाच विचारा. नसेल आणि शक्य असेल, तर जिथे आहे तिथे करून घ्या. छोट्या हॉस्पिटलांत तुकड्याची बरणी नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात. जो कोणी नेईल त्याला आधी बजावून ठेवा: बरणीवर नाव आणि उजवी की डावी बाजू लिहिलेली हवी, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) पूर्ण बुडालेला हवा (सलाइनच्या पाण्यात नाही), आणि वाटेत कुठेही न थांबता बरणी लॅबला पोचवायची. फॉर्मसोबत सुईच्या रिपोर्टची आणि मॅमोग्राफीची झेरॉक्स द्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला नेमकं काय शोधायचं ते कळतं. ‘दोन लॅबला अर्धा-अर्धा पाठवू’ असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुकडा कापला की कडा तपासणं अवघड होतं. दुसरं मत हवं असेल तर ते त्याच तुकड्याच्या ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइडवरून (काचेवरचा त्याचा पातळ काप) घेता येतं. परळच्या टाटा मेमोरियलला लोक गावोगावचे ब्लॉक घेऊन येतात ते याचसाठी.

घरी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी सोडतात. येताना रिक्षात छाती आणि हात यांच्यामध्ये छोटी उशी धरा, खड्ड्यांचे हिसके कमी बसतात. घट्ट आधार देणारी, तार नसलेली ब्रा सुरुवातीचे दिवस रात्रीही घाला. लोंबण्याचा ताण हाच दुखण्याचा मोठा भाग असतो. बर्फ रुमालात गुंडाळून थोडा-थोडा वेळ ठेवा. दुखण्यासाठी लिहून दिलेलीच गोळी घ्या, घरातली अ‍ॅस्पिरिन नको. निळं-काळं पडतं, मग हिरवट-पिवळं होत जातं, त्याला घाबरू नका. अंघोळ कधी करायची ते ड्रेसिंगवर ठरतं, तेही विचारून घ्या. जखमेवर हळद, तेल, तूप काही लावू नका.

बरीचशी बसून करायची कामं दोन-तीन दिवसांत जमतात. पण पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, कणीक तिंबणं, उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, स्कूटर हे सगळं सर्जन हो म्हणेपर्यंत दुसऱ्याने करायचं. घरी हे आधीच वाटून द्या. त्या दिवसांत ‘मी करते’ म्हणून उठू नका. हात मात्र अगदी अंगाला चिकटवून ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. वेणी घालण्याइतका हलका हलता ठेवा. पुढे कित्येक आठवडे मधेच चमक मारते, व्रणाखाली कडक वळ लागतो, थोडी जागा बधिर राहते. हे हळूहळू निवळतं.

छाती झपाट्याने टणक होऊन फुगली, ड्रेसिंग रक्ताने भिजत राहिलं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, पू आला किंवा लाली पसरत गेली, तर रात्र असली तरी फोन करा. श्वास लागला किंवा पोटरी एकाच पायाची सुजून दुखू लागली तर सरळ इमर्जन्सी गाठा.

रिपोर्टला साधारण आठवडा लागतो, जादा तपासण्या लावल्या तर अधिक. लॅबने मोबाइलवर पाठवलेला रिपोर्ट एकटीने इंटरनेटवर शोधत बसू नका, सर्जनसमोर बसून वाचा. त्यांना तीन गोष्टी विचारा: चुन्याचे कण तुकड्यात सापडले का, सुईच्या रिपोर्टशी हा जुळतो का, आणि आता पुढची मॅमोग्राफी कधी. अटिपियाच (म्हणजे सुईच्या रिपोर्टमधलाच पेशींचा वेगळेपणा) निघाला तर तो कर्करोग नव्हे, पण पुढे होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून बहुधा दरवर्षी मॅमोग्राफी आणि काहींना प्रतिबंधक गोळीबद्दलही सांगतात. लॅबकडून ब्लॉक मागून घ्या आणि जुन्या फिल्मसोबत घरात थंड, कोरड्या जागी ठेवा.