पीटेनचं टायमिंग चुकतं, सांगानचं चुकत नाही : यू-गी-ओच्या रूलिंगबद्दल

यू-गी-ओ या कार्डांच्या खेळातल्या रूलिंगबद्दल, म्हणजे नियम कसा लावला त्याबद्दल, तुमची पोस्ट वाचून जुनी आग पुन्हा भडकली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. ‘पीटेन द डार्क क्लाउन’ हा मॉन्स्टर ट्रिब्यूट (बळी) देऊन तुम्ही मोठा मॉन्स्टर समन केलात, म्हणजे मैदानात उतरवलात. पीटेन ग्रेव्हयार्डात, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात गेला, म्हणून डेकमधून (आपल्या गठ्ठ्यातून) दुसरा पीटेन काढायला गेलात, तर समोरचा म्हणाला टायमिंग चुकलं, म्हणजे इफेक्ट वापरायची संधी हुकली. जजने नुसती मान डोलावली. आणि ‘कार्डावर तर स्वच्छ लिहिलंय, मग ही फसवणूक नाही का?’ असं तुम्ही विचारताय.

नाही, फसवणूक नाही. समोरचा बरोबर होता. जजसुद्धा बरोबर होता, पण का ते ज्याला सांगता येत नाही त्याने त्या खुर्चीत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चेन (एकमेकांना उत्तर देणाऱ्या इफेक्टची साखळी) म्हणजे काय, ट्रिब्यूट समन कसं होतं, हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. पीटेनच्या मजकुरात दोन गोष्टी एकत्र आल्यात : ‘व्हेन’ आणि ‘यू कॅन’. म्हणजे इफेक्ट ऐच्छिक आहे, आणि ‘ग्रेव्हयार्डात जाणं’ ही अगदी शेवटची घडलेली गोष्ट असेल तरच तो वापरता येतो. ट्रिब्यूट समनमध्ये आधी पीटेन जातो, मग नवा मॉन्स्टर उतरतो. शेवटची गोष्ट समन झाली. संधी गेली. एखाद्या कार्डाची किंमत म्हणून पीटेन ट्रिब्यूट दिलात तरी तेच, कारण त्यानंतर इफेक्ट रिझॉल्व व्हायचा, म्हणजे प्रत्यक्ष घडायचा, बाकी असतो. तोच पीटेन लढाईत मेला, किंवा समोरच्याने सगळे मॉन्स्टर नष्ट करणारं ‘डार्क होल’ एकटं टाकलं आणि त्यात गेला, तर मात्र खुशाल दुसरा काढा.

‘व्हेन’च्या जागी ‘इफ’ असतं तर ट्रिब्यूट देऊनही चाललं असतं. आणि ‘यू कॅन’ नसतं, म्हणजे इफेक्ट सक्तीचा असता, तर टायमिंग चुकण्याचा प्रश्नच नव्हता. सक्तीचा ट्रिगर (काहीतरी घडल्यावर सुरू होणारा इफेक्ट) कधीच चुकत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, कारण माझं जे काही गेलं ते याच्यावरच गेलं.

माझं प्रकरण सांगान नावाच्या मॉन्स्टरचं. सांगान मैदानावरून ग्रेव्हयार्डात गेला की १५०० किंवा कमी अटॅकचा एक मॉन्स्टर डेकमधून हातात घ्यायचा. ‘घेऊ शकता’ नव्हे, घ्यायचाच. स्पर्धा एका आयोजक मंडळींची (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), उपांत्य फेरी, मी सांगान ट्रिब्यूट दिला आणि डेक उचलला. समोरच्याने हरकत घेतली. जज आले, म्हणाले, “ट्रिब्यूट दिलं की टायमिंग चुकतं, सगळ्यांना माहीत आहे.” मी म्हटलं, अहो, इथे ‘यू कॅन’ नाहीच. कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चित्र बघून परत केलं! खेळ बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या कार्ड डेटाबेसवर आजचा मजकूर दाखवतो म्हटलं, तर खेळाडूने सामन्यात मोबाईल काढायचा नाही. मग तुम्ही काढा? तर वेळ नाही. वरच्या जजकडे जाऊ द्या? तर वरचे जज तेच.

डाव गेला, फेरी गेली. ते एक वेळ सोसलं असतं. नंतर मेल केला, की निर्णय राहू दे, निदान कुठल्या नियमावर दिला तेवढं कळवा. उत्तर आलं, ‘पंचांचा निर्णय अंतिम आहे.’ बरं, तुमची नियमावली पाठवा. उत्तर, ‘नियमावली स्पर्धेच्या ठिकाणी उपलब्ध होती.’ कोणत्या टेबलावर? त्यावर उत्तर नाही. आमच्यातला सगळ्यांत चांगला खेळणारा मित्र हे सगळं बघून कार्ड्स विकून मोकळा झाला, ते माझं खरं नुकसान.

असो. कार्ड वाचायचं कसं, ते ‘सोलम जजमेंट’ या ट्रॅप कार्डावर शिका. एका कार्डात सगळं आहे. कोलनच्या आधी अट : मॉन्स्टर समन होत असताना, किंवा स्पेल-ट्रॅप (मॉन्स्टर सोडून बाकीची कार्डं) ॲक्टिव्हेट झाल्यावर. कोलन आणि सेमीकोलनच्या मधे ॲक्टिव्हेट करतानाच करायची गोष्ट : निम्मे लाइफ पॉइंट भरा. सेमीकोलनच्या पुढे रिझॉल्व होताना घडणारं : ते निगेट (रद्द) करा, ‘अँड इफ यू डू’, नष्ट करा. म्हणून तुमचं जजमेंट कोणी निगेट केलं तरी निम्मे पॉइंट परत मिळत नाहीत. आणि निगेट झालंच नाही तर नष्टही होत नाही. ‘अँड इफ यू डू’ने जोडलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या असं धरतात. तिथे ‘देन’ असेल तर एकामागून एक, आणि मग पहिल्या गोष्टीवर टपून बसलेल्या ‘व्हेन… यू कॅन’वाल्यांचं टायमिंग चुकतं. मॉन्स्टरच्या मजकुरात कोलन-सेमीकोलन काहीच नसेल, उदाहरणार्थ ‘सायबर ड्रॅगन’चं हातातून स्पेशल समन, तर चेन सुरूच होत नाही.

ही शिस्त २०११ पासूनची. त्याआधी छापलेल्या कार्डांवरच्या ‘व्हेन-इफ’वर काडीचा भरवसा ठेवू नका. हातात जुनं कार्ड असलं तरी लागू होतो तो डेटाबेसमधला आजचा मजकूर. आपल्याकडे लहानपणी दुकानात मिळायची ती नकली पाकिटं तर विसराच, त्यांच्यावरचं इंग्रजी वाचून कोणाचंच भलं झालेलं नाही. कार्टूनचंही तेच. तिथे नायक युगी चंद्रावर हल्ला करून समुद्र ओसरवतो, मजा येते, पण तुमच्या जजपुढे ते चालणार नाही.

‘मिस्टिकल स्पेस टायफून’ने समोरच्याचं स्पेल नष्ट केलं तरी त्याने कार्ड्स काढलीच, असंही लिहिलंय तुम्ही. तेही बरोबर. टायफून नष्ट करतं, निगेट करत नाही. साधं स्पेल एकदा ॲक्टिव्हेट झालं की नष्ट होऊनही रिझॉल्व होतं. कंटिन्युअस, फील्ड किंवा इक्विप प्रकारचं स्पेल असतं तर मैदानावर टिकणं गरजेचं होतं, आणि मग तुमचा टायफून कामी आला असता.

आता माझा सल्ला, आणि इथे मतभेद होऊ शकतात. मी जज नाही, कुठली परीक्षा दिलेली नाही, शिवाय कार्डांचे मजकूर बदलत राहतात, त्यामुळे माझ्यावर विसंबून पैजा लावू नका. पण स्पर्धेत नाव देण्याआधी आयोजकांना लेखी विचारा : डेटाबेस टेबलावर उघडणार का, आणि मुख्य जज वेगळा माणूस आहे का. उत्तर गोलमोल आलं तर प्रवेश फी वाचवा. काही जण म्हणतील, एवढं कोर्टकचेरी कशाला, मजेसाठी खेळतो. मजेसाठी खेळायला घर आहे की.

डेकमधल्या ज्या कार्डांवर ‘व्हेन’ आणि ‘यू कॅन’ जोडीने आहेत ती आज रात्रीच वेगळी काढा आणि प्रत्येकाला विचारा, याला मी ट्रिब्यूट म्हणून वापरतो का? ‘मास्टर ड्युएल’ या व्हिडिओ गेममध्ये फुकटात करून बघता येतं. इफेक्ट वापरायचा का असं गेमने विचारलंच नाही, तर बहुधा टायमिंग चुकलेलं असतं. फक्त काही रूलिंग्ज जपानच्या ओसीजीत (खेळाच्या तिथल्या आवृत्तीत) वेगळी असतात, तेव्हा जपानी खेळाडूंच्या पोस्ट वाचून भांडायला जाऊ नका.

पीटेन ठेवायचाच असेल तर ट्रिब्यूटसाठी दुसरं काहीतरी घ्या.