थंडीत न थिजणारं खोबरेल

प्रश्न : काकू, आमच्या खानापुरात एकजण दारावर डबा घेऊन येतो, घाण्याचं खोबरेल म्हणून देतो, दुकानापेक्षा बरंच स्वस्त. मागच्या जानेवारीत ते अजिबात गोठलं नाही, दुकानातली बाटली मात्र दगडासारखी झाली. सासूबाई म्हणतात बाटलीत मेण घालतात म्हणून असं होतंय. खरं तेल कुठलं? आणि बाटल्यांवर व्हर्जिन, रिफाइंड असलं काय काय लिहिलेलं असतं, त्यातलं स्वयंपाकाला कुठलं घेऊ?

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा मेण नाही ते, खोबरेलाचा गुणच तो. साधारण 24 अंशांच्या खाली गेलं की ते थिजायला लागतं आणि आपल्याकडं जानेवारीत पहाटे पारा 15 च्या आसपास उतरतो, मग खोबरेल पातळ राहीलच कसं? तुमच्या दारावरच्या तेलात दुसरं काहीतरी पातळ तेल भरपूर आहे, बहुतेक लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातून काढलेलं न खाण्याचं तेल, नाहीतर कुठलंतरी हलकं खाद्यतेल. खाण्यात वापरत असाल तर आजच थांबवा.

घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात थोडं तेल घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, तासा-दोन तासानं वर पातळ थर राहिला तर मिसळलंय समजायचं. पण सगळं थिजलं म्हणजे शुद्धच असंही नाही हां, कारण पाम कर्नेल तेल, म्हणजे पामच्या फळातल्या बीचं तेल, तेसुद्धा थंडीत तसंच थिजतं, ते या परीक्षेत सापडत नाही.

म्हणून मी सगळ्यांना भावाचा हिशेब करायला सांगते. लाकडी घाण्यावर किलोभर खोबऱ्याचं साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम तेल निघतं, म्हणजे किलोभर तेलाला पावणेदोन किलोच्या आसपास खोबरं लागतं. समजा बाजारात खोबरं 200 रुपये किलो आहे, तर नुसत्या खोबऱ्याचेच साडेतीनशे झाले, घाण्याची मजुरी वेगळी, पेंड विकून थोडेफार परत येतात तेवढंच. मग दारावरचा माणूस अडीचशेला देतो तो कुठून देतो? बेळगावात रविवार पेठेत गेलात की आधी खोबऱ्याचा भाव विचारा, मग तेलाचा.

आता प्रकार. दुकानाच्या पाटीवर कन्नडमध्ये कोब्बरी एण्णे लिहितात त्यातच उत्तर आहे, कोब्बरी म्हणजे सुकं खोबरं, त्याचं तेल. ते घाण्यावर काढलं की वास दांडगा येतो, रंग किंचित पिवळसर. व्हर्जिन मात्र ओल्या नारळापासून, बहुतेकदा त्याच्या दुधातून काढतात, पाण्यासारखं स्वच्छ, वास हलका, भाव जास्त. रिफाइंड म्हणजे खोबऱ्याचंच तेल पण धुऊन, रंग आणि वास काढून टाकलेलं. ते वाईट नाही, पण बाटलीवर नुसतं 100 टक्के शुद्ध लिहिलं की ते घाण्याचं का रिफाइंड हे कळत नाही, बारीक अक्षरं वाचायची. खाण्याचं असेल तर हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर असतोच, आणि डोक्याच्या सुगंधी तेलात मिनरल ऑइल, म्हणजे तेच पॅराफिनसारखं खनिज तेल, लिहिलेलं दिसलं तर ते कढईत अजिबात नको.

फोडणीला, भाजीला घाण्याचं घ्या, पुऱ्या तळायला नको, साधारण 175 अंशांना ते धुरावतं, तळणाला रिफाइंड नाहीतर शेंगतेल बरं. आणि यातली जवळजवळ 90 टक्के चरबी संपृक्त म्हणजे सॅच्युरेटेड असते, घरात कुणाला कोलेस्टेरॉल असेल तर डॉक्टरांना विचारून बेतानं वापरा.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतः खोबरं घेऊन घाण्यावर जायचं. वाटी हातात घेऊन मोडा, कट्ट करून मोडली पाहिजे, वाकली तर ओल आहे. आत काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती वाटी बाजूला काढा, बुरशीचं विष तेलात उतरतं, उन्हात वाळवून जात नाही. आणि घाणेवाल्याला घाण्यात आधीचं उरलेलं तेल पुसून मगच तुमचं घालायला सांगा. माझ्या माहेरी आई पाटावर बसून तेल पडेपर्यंत हलायची नाही, तसंच बसा. घरी आणल्यावर तीन-चार दिवस न हलवता ठेवा, गाळ खाली बसला की वरचं कोरड्या बरणीत ओता, ओला चमचा एकदा जरी पडला तरी महिन्याभरात खवट होतं.

प्रश्न : चिकोडीहून विचारते, गेल्या वर्षीचं खोबरेल खवट झालंय, उकळून घेतलं तर चालेल का?

उत्तर : नाही, उकळल्यानं खवटपणा जात नाही. खाऊ नका, केसांनाही नको, दिव्याला वापरून संपवा.