ऑडिओग्राम नॉर्मल आला, पण मुलीला वर्गात ऐकू येत नाही

प्रश्न: ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. हाक मारली की आधी "काय?" म्हणते आणि आपण परत सांगायच्या आत तिचं तिलाच कळतं. दप्तर भर, बाटली धुवायला टाक नि आजोबांना बोलाव असं एका दमात सांगितलं की आजोबा तेवढे येतात, बाकी सगळं जागच्या जागी. टीव्ही चालू असेल तर बोलायची सोयच नाही. कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला, म्हणाले कान उत्तम. शाळेत म्हणतात लक्ष नसतं. मी ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डरचं (कान चांगले, पण ऐकलेलं मेंदूला नीट उमगत नाही) नाव काढलं तर डॉक्टर म्हणाले असलं काही नसतं. आता जाऊ कुठे?

उत्तर: आधी एक सांगते, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि "असलं काही नसतं" हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही. अशा मुलांबद्दल 1954 साली मुलांच्या ऐकण्याच्या अडचणी अभ्यासणाऱ्या हेल्मर मायकलबस्ट यांनी लिहून ठेवलंय आणि 2005 मध्ये अमेरिकेतल्या वाचा, भाषा आणि श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने यावर सविस्तर अहवालही काढला. हा स्वतंत्र आजार धरायचा की भाषेच्या, लक्षाच्या अडचणींचाच भाग, यावर तज्ज्ञांत वाद आहे हे खरं, पण वाद नावावर आहे, मुलांना होणारा त्रास कुणी नाकारत नाही.

ऑडिओग्राम म्हणजे काय, तर शांत खोलीत हेडफोन लावून एकेक बीप ऐकायचा आणि बटण दाबायचं. त्यातून आवाज कानाला पोचतो का एवढंच कळतं. वर्गात मात्र पंखा चालू, मागे कुजबुज, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतायत, त्यातून "पाच" की "सात" हे मेंदूला निवडायचं असतं आणि ते त्या खोलीत कुणी तपासलेलंच नसतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मग सगळे म्हणतात की मूल ऐकत नाही, मुद्दाम करतं, आणि ते पोरगं बिचारं दिवसभर जीव तोडून ऐकत असतं.

त्यामुळे आता नुसतं "कान तपासा" म्हणू नका. ऑडिओलॉजिस्टला (ऐकण्याच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञाला) फोनवरच विचारा की ऑडिटरी प्रोसेसिंगच्या टेस्ट तुमच्याकडे होतात का, त्या सगळेच करत नाहीत. यात दोन्ही कानांत एकदम वेगवेगळे आकडे ऐकवतात, गोंगाटातले शब्द ओळखायला लावतात, आवाजांमधली काही मिलिसेकंदांची फट कळते का बघतात. साधारण सात वर्षांच्या आत निकाल भरवशाचे येत नाहीत, तुमची मुलगी त्यापुढे आहे. शब्दांच्या टेस्ट तिच्या रोजच्या भाषेत हव्यात, नाहीतर भाषा कच्ची म्हणून मार्क जातील आणि दोष कानामागच्या मेंदूवर येईल. सोबत भाषेची आणि एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) तपासणीही करून घ्या, लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की एकाच टेस्टवर शिक्का मारू नये. लहानपणी कानात वारंवार पाणी साठायचं का, तेही आठवून सांगा.

माझा खरा राग आहे तो इथे. कानाचे डॉक्टर म्हणतात कान ठीक, मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात कान तपासा, शाळा म्हणते रिपोर्ट आणा, आणि आईबापांनी फाईल घेऊन या दारातून त्या दारात फिरायचं. हे बदलायलाच हवं.

पण मदतीसाठी निदानाची वाट बघू नका. बाईंना चिठ्ठी लिहा: पुढे बसवा, खिडकी-दारापासून लांब, एकावेळी एकच सूचना, गृहपाठ फळ्यावर लिहून. "काय?" म्हणाली तर तेच वाक्य ओरडून नको, थोडं थांबा, तरी नाही कळलं तर वेगळ्या शब्दांत सांगा. बाईंच्या गळ्यात माईक आणि हिच्या कानात रिसीव्हर अशीही सोय असते, तिचा कुणाकुणाला चांगला फायदा होतो, ऑडिओलॉजिस्टला त्याबद्दल जरूर विचारा. कानाला ट्रेनिंग देणाऱ्या महागड्या ॲपवर मात्र लगेच पैसे घालू नका, खेळातला स्कोअर वाढतो, पण वर्गात फरक पडतो याचा भक्कम पुरावा अजून नाही.