उपास मोडला की सोडला?

प्रश्न असा आलाय की मुलाने इंग्रजीच्या वहीत 'ग्रँडमदर ब्रोक हर फास्ट' चं भाषांतर 'आजीने उपास मोडला' असं केलं आणि बाईंनी त्यावर लाल रेघ मारली, पण डिक्शनरीत तर ब्रेक म्हणजे मोडणे असंच दिलंय, मग चुकलं काय?

बाईंचं बरोबर आहे हो. आमच्या आजीने एकदा एकादशीला साबुदाण्याच्या नादात माझ्या ताटातला पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि दिवसभर हळहळत बसली, तो उपास मोडला. एरवी द्वादशीला नैवेद्य दाखवून वरणभात खायची, तो उपास सोडला. इंग्रजीत दोन्हीला ब्रेकच, पापाचं आणि पुण्याचं क्रियापद एकच! ब्रेकफास्ट हा शब्द त्यातलाच, रात्रभराचा उपास सकाळी सोडायचा म्हणून, आणि गंमत म्हणजे डिनर ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचाही मूळ अर्थ उपास सोडणं हाच, नंतर ते जेवण सरकत सरकत रात्रीवर गेलं. आपल्याकडे त्याला पारणं म्हणतात, ते फेडायचं असतं, म्हणून तर डोळ्यांचं पारणं फिटतं.

म्हणजे मोडणे चुकीचंच असं नाही. नियम मोडला, विक्रम मोडला, लग्न मोडलं, सगळं ब्रेकच आहे. शंभराची नोट मोडणं पण, इंग्रजीत अगदी तस्संच म्हणतात. पण शब्द आला की सांभाळून! ब्रोक हिज वर्ड म्हणजे त्याने स्वतः दिलेला शब्द पाळला नाही, आणि आपल्याकडे 'वडलांचा शब्द मोडला' म्हणजे त्यांचं ऐकलं नाही.

बऱ्याच ठिकाणी मोडणेपेक्षा फुटणे जवळचं वाटतं. पहाटेचं तांबडं फुटतं, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा आवाज फुटतो, दोन्हीकडे इंग्रजीत ब्रेक. मात्र 'न्यूज ब्रोक' म्हणजे बातमी फुटली नाही, फुटली म्हणजे लपवलेली होती ती बाहेर गेली, पेपर फुटतो तशी. इथे नुसतं बातमी आली, बातमी थडकली वगैरे चालेल. आणि एखाद्याला 'ब्रेक द न्यूज' करायची तर ती हळूच कानावर घालायची असते, चॅनेलवाल्यांच्या ब्रेकिंग न्यूजसारखी बोंब मारून नाही :)

लेग ब्रेकमध्ये तर काहीच मोडत नाही. टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या बॅट्समनच्या लेगकडून ऑफकडे वळतो, ते वळणं म्हणजे ब्रेक. आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्त्यांनी 1958 साली कानपूरला वेस्ट इंडिजच्या एका डावात 9 विकेट काढल्या त्या या लेग ब्रेक-गुगलीवर. ते नाटकवाल्यांचं 'ब्रेक अ लेग' मात्र निव्वळ शुभेच्छा, त्याचं शब्दशः मराठी करून कुणाला प्रयोगाआधी विंगेत ऐकवू नका, चप्पल येईल.

अजून एक, मुलाला स्पेलिंग पण दाखवून ठेवा. गाडीचा ब्रेक (brake) हा इंग्रजीत वेगळाच शब्द आहे, आपला तो break, मराठीत लिहिताना दोन्ही सारखे दिसतात म्हणून घोळ होतो. कामातून ब्रेक घेतला तो हा आपला, आणि कामाला ब्रेक लागला तो गाडीचा.